धुरपदाकाकूंची झील

"पयली ओळ म्या कशी धरू? ती तुज्या आईची," धुरपदाकाकू म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा फोडायला लागल्या.

"तुमच्याबिगर ते गानं येतंय कुनाला, काकू?"

"यिऊन काय उपेग? मला मागनं येतंय."

गिटार मांडीवर घेऊन मी त्यांच्यासमोर बसलो होतो. माझी आई अयोध्याबाई म्हणजे देवीची गाणी म्हणणाऱ्या आमच्या जळकोटच्या आराधी मेळ्याची म्होरकी. ती पहिली ओळ सोडायची आणि काकू मागून झील धरायच्या. म्हणजे आईची ओळ खाली पडायच्या आत पुढची ओळ उचलायच्या. त्या आईच्या धाकट्या जाऊ. घरात तिच्या मागे, देवळात तिच्या मागे, गाण्यातही तिच्या मागे. लोक आईच्या पाया पडायचे आणि काकूंना पाणी मागायचे. याचं काकूंना कधी वाईट वाटलेलं मी तरी पाहिलं नाही.

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. मेळा मोडला होता. देवी माळावरून चालत येते ते एक गाणं या दोघी जावांचंच होतं, त्यांच्या सासूकडून आलेलं. बाकी बायकांना ते कधी पुरतं जमलंच नाही. आईच्या वर्षश्राद्धाला ते व्हावं असा माझा हट्ट होता. काकूंना आता ओसरी चढतानाही दम लागायचा. या खेपेला झालं नाही तर ते गाणं त्यांच्याबरोबरच जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मी नळदुर्गच्या बियाण्यांच्या दुकानात बिलं करतो आणि दर रविवारी संध्याकाळी हायवेवरच्या एका ढाब्याच्या बागेत गिटार घेऊन एकटाच गातो. एकट्या गिटारवाल्यासाठी कुणी हातातली भाकरी खाली ठेवत नाही. म्हणून मी ती पेटी आणली. जेवणाच्या डब्याएवढी, पायाशी ठेवायची. माईकची वायर तिच्यात जाते, गिटारचीही जाते. गिटारवर काय वाजतंय ते ऐकून ती माझ्याच आवाजातून आणखी दोन आवाज काढते, एक वरचा, एक खालचा, आणि माझ्याबरोबर गाते. पहिल्या रविवारी ढाब्याचा वेटर बाकीचे गाणारे कुठं बसलेत ते बघायला कुंपणामागे जाऊन आला. माझी बायको निकिता म्हणाली, "एक मल्हार आयकूनच कान किटले हुते, आता तीन झाले."

तीच पेटी मी काकूंपुढे ठेवली. "तुमी निस्ती पयली ओळ म्हना. मागं कोन येतंय ते बगा."

"डब्यात कोन बसलंय?"

"म्हनून तर बगा."

पहिल्यांदा सगळा घोटाळा झाला. काकूंचा सूर गिटारच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध पडत होता, आणि गोंधळलेली पेटी नळावर भांडण लागावं तशी ओरडायला लागली. काकू म्हणाल्या, "माजंच चुकलं आसंल." मी म्हटलं, चूक गिटारची आहे. सगळ्या तारा सैल करत करत मी काकूंच्या गळ्यापर्यंत खाली आलो. पेटीतही एक बटण असतं, तिलाही थोडं खाली बसवलं.

मग काकूंनी डोळे मिटले आणि माईकमध्ये हळूच म्हटलं,

"माळावरल्या वाटंनं आई चालत आली..."

आणि एकदम तिघी गायल्या. एक काकू. एक त्यांच्याहून तरणी, वरच्या अंगानं जाणारी. आणि एक खाली, जड, आतल्या घरातून आल्यासारखी. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ढाब्यावर इतक्या वेळा ऐकलेली तीच पेटी, पण तिच्यात हे असलं काही असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. निकिता पिठानं माखलेले हात घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली.

काकू मात्र ओळ अर्धी सोडून मागं वळून बघत होत्या. मागे भिंत होती आणि भिंतीला टेकलेलं शेंगांचं पोतं.

"माज्या मागं कोन आलं?" त्यांनी विचारलं.

"तुमीच हायत, काकू. तुमचाच आवाज."

"माज्या मागं आजवर कोनबी आलं न्हाय रं," त्या म्हणाल्या, आणि पदरानं तोंड पुसून पुन्हा तीच ओळ म्हणाल्या. मग पुन्हा. त्या दुपारी त्यांनी ती ओळ किती वेळा म्हटली कोण जाणे. पुढचं मात्र म्हणेनात. देवीचा पोत, म्हणजे तेलात भिजवलेली चिंध्यांची मशाल, पेटल्याशिवाय ते गाणं पुरं म्हणायचं नसतं, अशी मेळ्याची रीत. मी म्हटलं, ठीक आहे, पुढचं त्या दिवशी. आणि इथंच माझी फसगत झाली.

वर्षश्राद्धाला अंगण भरलं. जेवणं उरकली. आईच्या मेळ्यातल्या बायका कवड्यांच्या माळा घालून जमल्या. पोत पेटला. काकू माईकपुढे उभ्या राहिल्या, जिथं आई उभी राहायची तिथंच. त्यांनी ओळ उचलली आणि तिघींचा आवाज अंगणभर झाला. बायकांचे हात आपसूक जोडले गेले. कुणीतरी "आई उदं" म्हटलं.

ओळ संपली. काकूंनी आईसारखाच हात कानाशी नेला, मान जराशी मागे वळवली आणि झील येण्याची वाट पाहिली.

पेटी गप्प. ती गाणाऱ्याबरोबर गाते. गाणारा थांबला की तीही थांबते. तिला मागून ओळ उचलता येत नाही. मला हे पक्कं ठाऊक होतं, पण पुरं गाणं कधी म्हटलंच नाही, त्यामुळे सांगायचं राहून गेलं. गेलं गाणं, मला वाटलं, माझ्याच अंगणात, माझ्याच हातानं गेलं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग पेटीकडे. मग त्या दोन पावलं मागे सरल्या, डावीकडे, आईच्या मागची त्यांची रोजची जागा होती तिथं. माईक पुढेच राहिला. तिथून त्यांनी झील धरली,

"पाय तिचं धुवायला कोन कोन आली..."

पेटीची साथ नाही. म्हातारा, दमलेला, उघडा आवाज. आणि काय ताकद त्या आवाजात! आईच्या गाण्याचा सगळा भार आयुष्यभर कुणी उचलला होता, ते मला त्या क्षणी कळलं. मी वाजवायचा थांबलो. काकूंनी डोळ्यानंच दटावलं, "वाजीव."

मग त्या पुन्हा पुढे आल्या. माईकपाशी तिघी. पुन्हा मागे, एकटी. पुढे, मागे, दम लागला की पोताच्या उजेडात क्षणभर उभं राहायचं, पुन्हा पुढे. एक बाई गाणं म्हणत होती आणि तिची तीच त्याला ओ देत होती, आणि देवी माळावरून पावलापावलानं उंबऱ्यापर्यंत येत होती. असलं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

गाण्याची शेवटची ओळ झीलकऱ्याची असते. ती काकूंनी मागच्या जागेवरून म्हटली आणि त्या तिथंच उभ्या राहिल्या.

बायका उठल्या. पदर सावरत काकूंच्या पाया पडायला निघाल्या. काकूंनी त्यांना हातानं थांबवलं आणि माईकपुढची आईची मोकळी जागा दाखवली.

"आदी तिकडं," त्या म्हणाल्या.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एकेक जण त्या शेणानं सारवलेल्या रिकाम्या जागेवर वाकून डोकं टेकवायला लागली, आणि तिथून उठून काकूंकडे यायला लागली.