बारा गुणांचा हात

“बारा गुण म्हणजे बोलायचं. त्यात विचार कसला?” बाबांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसता बसता दातांचे डॉक्टर म्हणाले. “नाहीतर पत्ते हातात घेऊन काय वारा घ्यायचाय?”

“तुमचं काय जातंय,” बाबा म्हणाले. “तुम्ही आयुष्यभर दुसऱ्याच्याच तोंडात हात घातलेले.”

डॉक्टरांच्या पत्नी, आमच्या डॉक्टरीणबाई, हसल्या. आईही हसली. बाबांच्या हातात पत्ते नव्हते, सलाइनची सुई होती. सकाळी सर्जननी जे सांगितलं त्याला बाबांनी बारा गुणांचा हात असं नाव दिलं होतं. पोटातली गाठ काढता येईल, पण हृदय भूल सोसेलच असं नाही. नाही काढली, तर काही महिने मिळतील, फारसे दुखण्याचे नसतील. “तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, ते मलाही सांगता येत नाही,” सर्जन म्हणाले होते. “उद्या सांगा.”

ब्रिज या पत्त्यांच्या खेळात एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक असे गुण मोजतात. तेरा भरले तर बोलायचं, म्हणजे बोली उघडायची, अकरा असतील तर पास म्हणायचं. बाराचं काय करायचं, यावर बाबांचं आणि खालच्या मजल्यावरच्या या डॉक्टरांचं मला कळायला लागल्यापासून भांडण चालू होतं. डॉक्टर बोलत, बाबा पास म्हणत.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते. लोकांना वर पाठवतो पण परतही आणतो, असं म्हणत. लिफ्टच्या दोराचा आवाज ऐकून बिघाड ओळखायची सवय होती, त्यामुळे कसलाही विचार करताना ते उजवा कान चिमटीत धरत. पत्ते खेळतानाही धरत, आणि पंचाईत तिथेच होती. भिडूला आपल्या बोलीशिवाय दुसरं काहीही कळवायचं नाही, असा या खेळाचा नियम. पण माणूस अडखळून पास म्हणाला, की ओळखावं, याला बोलायचं होतं. भिडूने ते ओळखायचं आणि ओळखलंच नाही अशा रीतीने आपली बोली करायची. बहुतेक लोक हा नियम सोयीने विसरतात. आई विसरत नसे.

एकदा बाबांनी बराच वेळ कान धरला आणि पास म्हणाले. आईच्या हातीही बाराच गुण होते. तीही पास म्हणाली. सरळ हाती येणारा डाव गेला. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. “वहिनी, आंधळ्यालासुद्धा कळलं असतं हो.”

“तू पाहिलं नाहीस?” बाबांनी विचारलं.

“पाहिलं की.”

“मग?”

“मग काय. पाहिलं नाही.”

बाबा इतके हसले की चहा टेबलावर सांडला. पुढे कितीतरी वर्षं ते हा किस्सा सांगत. नातेवाइकांत आईचं कौतुक करायची वेळ आली, की तिच्या हातची शिवण नाही, तिची नोकरी नाही, हा गेलेला डाव सांगत. “अशी भिडू कुणाला मिळते?”

दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट घेऊन वर आले तोवर सर्जन निघून गेले होते. बाबा डोळे मिटून पडले होते. आई पायाशी उभी राहून चादरीची घडी घालत होती.

“ऑपरेशन नको म्हणाले,” ती म्हणाली.

आम्ही त्यांना घरी नेलं. सर्जनचा अंदाज चुकला. दुखलं, आणि फार दुखलं. शेवटी शेवटी बाबा कुशीवर वळायलाही घाबरत. आई त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसे आणि काही बोलत नसे. आम्हाला वाटे, तिचा स्वभावच तसा आहे.

ते गेल्यावर काही आठवड्यांनी डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई संध्याकाळी वर आले. “चौथा हात म्हणून पोरीला बसवू,” डॉक्टर म्हणाले. “वाईट खेळते, पण तेवढं आम्ही सोसू.” मी बाबांच्या खुर्चीत बसले. आई पत्ते वाटायला लागली आणि अर्ध्यातच म्हणाली, “त्यांनी कान धरला होता.”

“कधी?” डॉक्टरांनी विचारलं. मला विचारावं लागलं नाही.

“सर्जननी विचारलं तेव्हा. कान धरला, खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग नको म्हणाले.”

“आणि तू काय म्हणालीस, आई?”

“काही नाही. मला दिसलं ना, म्हणूनच. आपण बोललो तर ते त्यांचं राहणार नाही, असं वाटलं. मी चादर घेतली घडी घालायला.” ती पुन्हा वाटू लागली. एकेक पत्ता ती नेहमीसारखाच नीट टेबलाच्या कडेला लावून ठेवत होती. “ते अजून बघतच होते.”

“अहो वहिनी,” डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, “तो काय डाव होता का?”

“नव्हता. ते मला नंतर कळलं.”

डॉक्टर म्हणाले, “ऑपरेशन केलं असतं तरी… बारा गुण होते, वहिनी. कुणालाच सांगता आलं नसतं.”

“तुम्ही बोला म्हणायचात.”

“मी नेहमीच म्हणायचो. आणि बहुतेक वेळा आपटायचो.”

“हो,” आई म्हणाली. “पण म्हणायचात.”

तिने शेवटचा पत्ता स्वतःपुढे ठेवला, आपले तेरा उचलले, इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असे लावले. पत्ते वाटणाऱ्याने पहिली बोली करायची असते. आम्ही थांबलो. खाली कुणीतरी लिफ्टचं दार ओढून बंद केलं. आईच्या हातातला पत्त्यांचा पंखा जरा हलला, मग अधिकच हलायला लागला. आम्ही तिघांनीही नजर वर केली नाही. आपापल्या पत्त्यांकडे बघत, ते पुन्हा पुन्हा लावत, आम्ही तिच्या बोलीची वाट बघत बसलो.