देवजींच्या माडाचं रोप

घरगुती कामं लॅबमध्ये आणलेली मला मुळीच खपत नाहीत. कुणाचा मध शुद्ध आहे का बघा, कुणाच्या सासूबाईंचं केशर खरं आहे का बघा. तुर्भ्याची आमची लॅब म्हणजे लोकांना गल्लीतलं सोनाराचं दुकान वाटतं. त्यामुळे हरेश हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं.

हरेश आमच्या गाडीचा ड्रायव्हर. कोकणातल्या रोपवाटिकांतून माडाच्या रोपांची पानं बर्फाच्या पेटीत घालून आणायची, हे त्याचं काम. ती रोपं खरोखर संकरित आहेत की नाहीत, हे डीएनएवरून सांगायचं, हे माझं. ठेंगू माड आई आणि उंच माड बाप, असा हा संकर. पण ठेंगू माडाला स्वतःच्याच परागावर फळ धरायची खोड असते. आई नारिंगी जातीची असली तर रोपाच्या देठाच्या रंगावरून खरंखोटं कळतं. हिरवी असली की नुसत्या डोळ्यांना काही उमगत नाही, आणि मग लोकांना वैदेही मॅडम आठवतात.

"मॅडम, आईनं घर अडवून धरलंय," हरेश म्हणाला. "काँट्रॅक्टर रोज फोन करतो. फुल टेन्शन आहे."

घणसोली गावात त्यांचं जुनं घर होतं. ते पाडून तिथे तीन मजले चढवायचे होते, आणि जिना येणार नेमका अंगणातल्या उंच माडाच्या जागी. तो माड हरेशच्या वडिलांनी, देवजींनी, लग्नाच्या वर्षी लावलेला. देवजी कधीच गेले. हरेशच्या आईचं, सखूबाईंचं, म्हणणं एकच होतं: या माडाचं पोर वाढताना दिसू दे, मग याला कुऱ्हाड लावा. अडचण अशी की माड म्हातारा झालेला. त्याला नारळ धरायचा केव्हाच बंद झाला होता, नर फुलं तेवढी येत होती.

हरेशने मग रोपवाटिकेत पाहिलेली विद्या घरी लावली. परसातल्या हिरव्या ठेंगू माडाची नर फुलं त्याने उमलण्याआधीच कापून टाकली आणि फुलोऱ्यावर कापडी पिशवी बांधली. मादी फुलं उमलायला लागली तसा वडिलांच्या माडाचा पराग पावडरीत मिसळून रोज त्यांच्यावर फुंकला. त्या घडाचे नारळ पिकले, रुजले आणि सहा रोपं हाताशी आली. त्यांचीच ही पानं होती.

नाही म्हणत म्हणत मी ती घेतली. माडाचं पान वाटणं म्हणजे सुंभ वाटण्यासारखं असतं, खांदा भरून येतो. पण वाटलं. उंच जातीची खूण दाखवणारी डीएनएची जी पट्टी आम्ही नेहमी बघतो, ती चार रोपांत लख्ख दिसली. उरलेली दोन नुसती आईची; एखादं नर फूल कापायचं राहून गेलं असणार. हरेशने सगळ्या लॅबला पेढे वाटले आणि रविवारी जेवायला यायचं वचन माझ्याकडून घेतलं.

रविवारी मी नेरूळच्या माझ्या घरून गेले. हरेशच्या बायकोने, मनस्वीने, तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं कालवण केलं होतं. तिची सव्वा वर्षाची मुलगी माझ्या ओढणीशी खेळत होती. सगळे खुशीत होते. सखूबाई मात्र पानावर बसल्या आणि भाकरी नुसती चिवडत राहिल्या. जेवण झाल्यावर त्यांनी मला परसात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"बाय, तुना सांगतंय, पोराला सांगू नको. ती पिशवी मीच सोरली व्हती."

"कुठली पिशवी सोडलीत?"

"या नारलावरची. सूनंचे दिस भरले व्हते. घरान कय बांधून ठेवाचा नय, गाठ रायली का बालंतपन अरतंय. मी पेटीची दोरी सोरली, पोत्यांची तोंरा सोरली. मंग वर बगितला, त इथं पिशवी बांधलेली. हरेश हास्पिटलान. काठीनं गाठ सोरवली. पोरगी जाली, मंग परत बांधली."

माझा पारा चढला. हातभर लांबीची ती पिशवी कशासाठी असते, हे मी त्यांना ऐकवणारच होते. गल्लीत उंच माड काय थोडे आहेत? वाऱ्याने कुणाचाही पराग आला असणार. माझी पट्टी एवढंच सांगत होती की बाप उंच जातीचा आहे. तो देवजींचाच माड, असं ती कुठे म्हणत होती? पण सखूबाईंकडे बघितलं आणि राग ओसरला. वर्ष-दीड वर्ष त्या बाईने हे पोटात ठेवलं होतं.

"या रोपान त्यांचा कुनीच नसला तं?" त्यांनी विचारलं. "त्यांचा नारल मीच बुरवला, असाच जाला ना?"

मला फार वाईट वाटलं. "थांबा," मी म्हटलं. "फुलं सगळी एका दिवशी उमलत नाहीत. पिशवी सुटायच्या आधीची एखादी असेल." मी हरेशला अंगणातल्या माडाचं पान काढायला लावलं. चाचणी पक्की करायची आहे, एवढंच त्याला सांगितलं. गल्लीतल्या बाकीच्या माडांचीही पानं आणवली. त्याने डोकं खाजवलं, पण आणली.

पुढचे दिवस लॅबचं काम सांभाळून मी त्यांच्यामागे लागले. डीएनएच्या खुणा पकडणारे मार्कर एकामागून एक लावले. या चौघांत कोण कुणाचं, हे लावता लावता हात टेकायची वेळ आली. तीन रोपं गल्लीची निघाली. त्यांच्यातल्या पट्ट्या देवजींच्या माडात नव्हत्याच. चौथ्यात मात्र आईकडून न आलेली प्रत्येक पट्टी त्या माडात सापडली, आणि दुसऱ्या कुठल्याच माडाशी सगळ्या जुळेनात. मी मशीनपाशीच मोठ्याने हसले. शेजारच्या टेबलावरची मुलं बघत राहिली.

संध्याकाळी थेट घणसोलीला गेले. हरेश काँट्रॅक्टरशी फोनवर हुज्जत घालत होता. सखूबाई परसात रोपांना पाणी घालत होत्या. मी ते रोप दाखवलं.

"हे. याचा बाप तुमचाच माड."

त्या जमिनीवर बसल्या. रोपाच्या पानावरून त्यांनी हात फिरवला.

"पुरा त्यांचाच?"

खोटं बोलणं माझ्याने होत नाही. "पुरा नाही हो. अर्धा त्यांचा, अर्धा या ठेंगूचा. नारळ अगदी तसेच लागतील असं मी नाही सांगू शकत."

सखूबाईंनी दाराआड फोनवर ओरडणाऱ्या मुलाकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. डोळे मात्र भरले होते.

"माजा हरेश तरी कुटं पुरा बापासारका हाय? अर्दाच हाय. तेवर्‍यावर मी आजवर दिस कारलं."

मग त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि आत हाक मारली, "हरेश, भांरू नको त्याच्याशी. सांग त्याला, उद्या मानसा घेऊन ये."