सहावा फोटो

"कॅमेरा खाली झुकव. नदीचं पात्र येत नाहीये," टेकडीवर छत्रीखाली बसून साहेबांनी हुकूम सोडला.

"झुकवला त फोटू एकमेकाले जुयत नाई, साहेब," उकंडा म्हणाला. "कॅमेरा पाणसळीत ठेवाव लागते आन् नुसता बाजूले फिरवाव लागते. दर फोटूले तीस अंश."

"अंश? किती शिकलास रे तू?"

"चौथी."

साहेब हसले, म्हणून त्यांचे कारकून रामरावही हसले. साहेबांचं ज्ञान त्यांच्या बुटांइतकंच चकचकीत होतं. बूट निदान रोज कुणीतरी पुसत असे.

हे बासष्ट साल. पुसदकडच्या एका खोऱ्यात धरण होणार होतं आणि बुडणाऱ्या गावाचा, सहा फोटो जोडून केलेला, एक लांबलचक फोटो मंत्र्यांना दाखवायचा होता. उकंडाचं पुसदला फोटोचं दुकान होतं. त्याआधी आठ वर्षं त्याने जमीन मोजणाऱ्यांची तिपाई खांद्यावर वाहिली होती, आणि वाहता वाहता कोन समजून घेतले होते. बुडणारं गाव त्याचंच होतं. साहेबांनी ते कधी विचारलं नाही.

साहेबांनी सांगितलं तसा उकंडाने कॅमेरा झुकवून फोटो काढले. फोटो जोडल्यावर क्षितिज कमानीसारखं फुगलं आणि देऊळ एकीकडे, शाळा दुसरीकडे कलली.

"गाव आहे की टोपलीचा कान?" साहेब कचेरीभर ओरडले. "तुम्हा लोकांना काम दिलं की हे असं!"

'तुम्हा लोकांना' म्हणजे कोणाला, हे सगळ्यांना कळलं. सहा वर्षांपूर्वी उकंडाच्या वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती; साहेबांनी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडा एकटाच टेकडीवर गेला. पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणला, तिपाईवर अंशांची चकती बसवली आणि तीस-तीस अंशांनी कॅमेरा फिरवत सहा फोटो काढले. प्रत्येकाची कड शेजारच्यात थोडी येत होती. जोडल्यावर सांधा बोटालाही लागेना.

साहेब चूक शोधू लागले. सापडेना, तेव्हा म्हणाले, "चौकटीत मावत नाही. आणि या शेवटच्या फोटोतल्या झोपड्या कशाला?"

"आमची वस्ती हाये, साहेब. गाव तेथवर हाये."

"कापा हो, रामराव."

रामरावांनी पट्टी लावून कापलं. आयुष्यात तेवढं एकच काम त्यांनी सरळ केलं असावं.

"थो तुकडा द्या," उकंडाने हात पुढे केला.

"कचरा आहे तो."

"मंग त तुमच्या कामाचा नाई."

त्याने साहेबांना नमस्कार केला नाही. तुकडा घेऊन तो थेट वस्तीवर आईकडे गेला. रुखमाबाईने तो उन्हात धरला, डोळ्यांजवळ नेला, एकेक घर बोटाने मोजलं आणि स्वतःच्या दारापाशी थांबली. तिथे एक पांढरा ठिपका होता.

"थे मीच हावो ना रे?"

फोटो धुताना पडलेला डाग होता तो.

"हो माय," उकंडा म्हणाला. "तूच."