चिंचेवरचा तपकिरी पक्षी

सलमा मुजावर कोल्हापूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायची. अडुसष्ट सालच्या श्रावणात शिंत्रे सर विद्यार्थ्यांना मुरगूडच्या तळ्यावर घेऊन गेले, तेव्हा तीही सोबत होती.

काठावरच्या चिंचेवर रातबगळ्यांची वस्ती होती. काळ्या टोपीचे, राखी पंखांचे पक्षी दिवसाढवळ्या मान खांद्यात घालून झोपलेले. त्यांच्यातच एक तपकिरी, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांचा पक्षी बसला होता.

"ही वेगळी जात," सर म्हणाले. "लिहून घ्या, वंचक बगळा."

"सर, ते रातबगळ्याचंच पिल्लू हाय," सलमा म्हणाली. "चोच बघा की, केवढी जाड. दिवस मावळला की मोठे पक्षी मासे घेऊन येतील. त्याला कोण भरवतंय ते बघू, ओळख पटंल."

"आणि सहाची एसटी तुझा बाप थांबवणार?"

पोरं हसली. पक्षी पाडून हातात घेऊन बघू म्हणत सरांनी शेजारच्या मळ्यातल्या कृष्णातला हाक मारली. उसात डुकरं शिरतात म्हणून त्याच्याकडं बंदूक होती.

सलमा आडवी गेली. "नको सर! थोडंच थांबायचंय!"

बार उडाला. सगळं झाड 'वॉक, वॉक' करत उठलं. तपकिरी पक्षी फांद्यांवर आपटत चिखलात पडला.

सरांनी त्याचा पंख ताणून पाहिला, चोच उघडून पाहिली. "पिल्लूच की! तुझंच खरं निघालं. झालं समाधान? आता कातडं सोडव, भुसा भरून संग्रहालयात ठेवू."

सलमानं पक्षी हिसकावून घेतला. अंग अजून गरम होतं. "मी न्हाई भरणार."

"कॉलेजची वस्तू आहे ती!"

"अंडं कॉलेजनं घातलतं काय?"

ती एवढ्यांदा ओरडली की कृष्णातची बायको बायडाबाई मळ्यातून धावत आली. सलमाच्या हातातलं पिल्लू बघून ती नवऱ्यावर उलटली. "ह्यानं तुमचा ऊस खाल्लता व्हय?"

कृष्णात बंदूक घेऊन उसात शिरला.

एसटी गेली, सलमा गेली नाही. बायडाबाईनं तिला घरी ठेवून घेतलं. दोघींनी बांधाला खड्डा काढून पिल्लू पुरलं. तिन्हीसांजेला एक रातबगळा माशांनी गळा फुगवून पिल्लाच्या फांदीवर उतरला. इकडून तिकडं चालला, उडाला, परत आला.

"त्या मास्तरानं बघायला पायजे होतं," बायडाबाई म्हणाली.

"बघूनबी त्यांनी वंचकच लिहिलं असतं," सलमा दात खाऊन म्हणाली.

पुढच्या जूनमध्ये कॉलेजनं तिला परत घेतलं नाही. गडहिंग्लजच्या एका शाळेत ती शिक्षिका झाली. शिंत्रे सरांचं नाव कुणी काढलं, की तिचा आवाज अजून चढतो.