देगलूरचं उघडं बिल

सुकन्याचं नाव कुणी घेतलं की दयानंदच्या पोटात दुखायचं. उमरीहून आलेल्या या पोरीला नांदेडच्या सर्व्हर रूममध्ये त्यानंच हाताला धरून शिकवलं, आणि तिची लातूरला बदली होताच साहेब लोक तिचे गोडवे गायला लागले. बियाणे कंपनीच्या या दोन्ही सेंटरना मिळून एक प्रमुख नेमायचा होता. ती खुर्ची आपलीच, असं दयानंद धरून चालला होता.

त्या सुट्टीच्या दिवशी बिलिंगचं सॉफ्टवेअर बदलायचं होतं. लातूरचं मशीन बंद पडलं की नांदेडचं काम उचलतं, अशी ही जोडी. त्यामुळे सॉफ्टवेअर मध्येच मारून टाकलं, म्हणजे जबरदस्तीनं बंद केलं, तर दुसरं मशीन ते लगेच उठवतं, अर्धवट बिलांसकट. ही जोडी सांभाळणाऱ्या क्लस्टर प्रणालीला सांगून सगळं पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअर आणि त्याची डिस्क, रीतीनं थांबवावं लागतं, आधी सॉफ्टवेअर, मग डिस्क. दोघांचे वरिष्ठ असलेल्या वसंतराव साहेबांनी हे काम सुकन्याला दिलं आणि दयानंदला व्हिडिओ कॉलवर नुसतं बघायला बसवलं. ते त्याला फार लागलं.

एक गोष्ट त्यानं तिला कधी सांगितली नव्हती. सुट्टी असली तरी बाजाराच्या दिवशी कंपनीचं देगलूरचं दुकान उघडं असतं. तिथला चन्नबसप्पा एका गावाचं मिळून एकच बिल करतो आणि शेवटचा माणूस येईपर्यंत ते उघडं ठेवतो. ते मिटेपर्यंत सॉफ्टवेअर थांबत नाही. दयानंद दर वेळी आधी गुपचूप फोन करायचा. आज त्यानं केला नाही. होऊ दे फजिती, साहेबांच्या डोळ्यांदेखत.

सुकन्यानं थांबवायचा आदेश दिला. पॅकेज जागचं हललं नाही.

"सर, अडकलंय. काय करू?"

"तुझं तू बघ," दयानंद म्हणाला. त्याला आतून गुदगुल्या होत होत्या.

"मारून टाका ना ते," साहेब वैतागले.

"नको साहेब. कुणीतरी काम करून राहिलंय." तिनं कोण जोडलेलं आहे ते शोधलं, देगलूर सापडलं, आणि कॉल सुरू असतानाच तिनं स्पीकरवर फोन लावला.

"हाव मॅडम, मिटवतो की बिल," चन्नबसप्पा म्हणाला. "पण दर टायमाला दयानंद सर आधीच फोन करतेत. आज का न्हाई केला त्यांनी?"

वसंतरावांनी स्क्रीनवरून दयानंदकडे पाहिलं.

"सरांनी मला करायला सांगितला होता," सुकन्या शांतपणे म्हणाली. "माझ्याच ध्यानातून गेला."

बिल मिटलं. सॉफ्टवेअर थांबलं, डिस्क सुटली, नांदेडला काहीही उठलं नाही.

"शिकवावं तर दयानंदनं," साहेब खूश होऊन म्हणाले.

सकाळपासून ज्या कौतुकासाठी तो जळत होता ते शेवटी पदरात पडलं होतं, आणि तेही तिनं दिलेलं. खोटं आहे म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि "धन्यवाद साहेब" म्हणून मिटलं.