साधनाची बातमी

आमच्या घराण्याचं चार पानांचं पत्रक मी अकरा वर्षं काढतो आहे. नाव ‘आमची खबर’. पांढरकवड्याला नासिरच्या छापखान्यात दर तिमाहीला छापायचं, साठ घरी पोस्टानं धाडायचं आणि रविवारी केळापूरच्या विहारात वंदना झाली की मोठ्यानं वाचायचं. वाचणार अर्थात मीच. निवृत्त मास्तराला आणखी काय हवं?

मागची दोन वर्षं कापसाला भाव नाही. लग्नं पुढे ढकलली गेली, कोणी बातमी धाडेना. तेव्हा महागावच्या साडूची म्हैस व्याली तेही मी छापलं. छापलं नाही ते एकच: माझी मुलगी साधना नवऱ्याचं घर सोडून आली होती. ती आमच्याकडे राहिली नाही, कारण पहिल्याच दिवशी मी तिला परत जा म्हणालो; ती निघून गेली, पण नवऱ्याकडे नाही. त्यानंतर तीन वर्षांत बारा अंक निघाले. एकातही तिचं नाव नाही.

यंदा पुण्याहून पुतण्या संघदीप आला आणि म्हणाला, काका, कागद बंद करा, मी वेबसाइट काढली आहे, ज्याची बातमी त्यानं टाकावी. माझं डोकंच फिरलं. म्हाताऱ्यांनी काय करायचं, विहारात काय वाचायचं, असं मी त्याला बरंच सुनावलं. खरं कारण वेगळं होतं. ज्याची बातमी त्यानंच टाकायची, तर मला कोण विचारणार?

तरी त्यानं मला ओढून पांढरकवड्याच्या सायबर कॅफेत बसवलं. पडद्यावर पहिलीच बातमी होती: ‘मी राजूरला दवाखान्यात नर्स म्हणून लागले. एकटी राहते, खुशाल आहे. साधना.’ खाली नातेवाइकांचे चौदा निरोप. पाचवा जयाचा, माझ्या बायकोचा: ‘रविवारी येते. लोणचं आणते.’

जयाला कॉम्प्युटर कुठला येतो? काकूंनी फोनवर सांगितलं, मी टाइप केलं, असं संघदीप खाली बघत म्हणाला. म्हणजे चौदा जणांना माहीत होतं आणि मला नव्हतं. लाज वाटली. रागही आला, पण तो कोणावर काढावा ते कळेना.

घरी जया तांदूळ निवडत बसली होती. मला काहून सांगितलं नाही, असं मी विचारलं. तिनं सूप खाली ठेवलं.

“कोणाले सांगू? बापाले का संपादकाले? दर अंकाले मले विहारात बसून आयका लागते. म्हशीची खबर येते, माह्या लेकीची नाही येत.”

मी आत जाऊन कागद काढला आणि साधनाची बातमी लिहायला बसलो.

वेबसाइट राहू दे, कागदही निघेल, एवढं संघदीपला सांगून दुसऱ्या दिवशी मी नासिरकडे गेलो. त्यानं मजकूर वाचला, चष्मा कपाळावर चढवला.

“गुरुजी, हे कोणत्या सदरात टाकू? जन्म, लग्न, निधन, कशातच नाही बसत.”

“सदर नको. पहिल्या पानावर टाक. आन् खाली लिव: ही बातमी तीन वर्षं दाबून ठेवली, चूक माही. धर्मपाल, साधनाचा बाप.”

नासिरनं मान हलवली आणि अंक परवा मिळेल म्हणाला.

“बाकीचे परवा दे,” मी म्हणालो. “एक आत्ता काढून दे. मले राजूरले जायचं हाय.”