काचेच्या डोळ्याचा भाऊ

तळघरातल्या सभागृहात दोनशे माणसं बसली होती आणि कुणी हूं की चूं करत नव्हतं. दारावर पाटीच होती, ‘दर्शनापूर्वी दोन तास मौन.’ आता दोन तास गप्प बसायचं म्हणजे हाताला काहीतरी चाळा हवा, आणि तळघरात मोबाइलला रेंज नाही. पण महाराजांचं औदार्य असं, की वायफाय फुकट. फोनवर एक पान उघडायचं, खुर्चीचा नंबर, आपला ईमेल आणि त्याचा पासवर्ड टाकायचा, की मोकळे.

दोन तासांनी पडदा सरकला. पुढ्यात जाडजूड ग्रंथ उघडून महाराज बसले होते. पहिल्याच बाईला ते म्हणाले, “सोमवारी तुमची तपासणी आहे ना? घाबरू नका.” बाईने तोंडावर हात ठेवला. तिने हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मागच्या कारकुनाला त्यांनी त्याच्या बदलीचं ठिकाण सांगितलं. सगळे कुजबुजू लागले. महाराज डोळे मिटून म्हणाले, “आम्ही सांगणारे कोण? तुमच्या श्वासावर जे लिहिलेलं असतं, तेवढंच वाचतो.”

तिसऱ्या रांगेत एक पडदे शिवणारी बाई सारखी चुळबुळत होती. वय बेचाळीस, आणि गप्प बसण्याच्या विषयात जन्मापासून नापास. शेजारी तिचे वडील, बसगाड्यांचे निवृत्त मेकॅनिक, पाठ ताठ करून बसले होते. त्यांची पाण्याची बाटली सकाळपासून तिसऱ्यांदा रिकामी झाली होती, आणि तिचं सगळं लक्ष त्या बाटलीकडे होतं.

गेल्या आठवड्यात याच महाराजांनी वडिलांना त्यांच्या रक्तातल्या साखरेचा आकडा बिनचूक सांगितला होता. वर आज्ञा केली होती, “सुई म्हणजे अविश्वास. सोडून द्या.” पाच दिवस झाले, वडिलांनी इन्सुलिन घेतलं नव्हतं. डॉक्टरांकडे यायलाही ते तयार नव्हते.

“मी कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता,” ते सांगत. “बॉनेट न उघडता बिघाड सांगणारा मेकॅनिक मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. हा पाहिला.”

लेक सकाळी पडदे शिवायची आणि दुपारी कम्युनिटी कॉलेजात सायबर सुरक्षेचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करायची. वर्गात वयाने सगळ्यांत मोठी. निम्मं डोक्यावरून जायचं, पण वायफायच्या पानाची हकिकत वडिलांनी सहज सांगितली तेव्हा तिने हातातली कात्री खाली ठेवली. वायफाय देणाऱ्याला ईमेलचा पासवर्ड कशाला हवा? दूधवाल्याने कपाटाची किल्ली मागावी, त्यातलाच हा प्रकार.

तिने शिकवणाऱ्या मॅडमना गाठलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “खात्याला दुसरं कुलूप लावायचं हे पहिल्याच तासाला सांगितलं होतं. नव्या यंत्रावरून कुणी शिरायला गेलं तर आधी तुमच्या फोनवर आकडा येतो. वडिलांच्या खात्याला लावलंत?”

नव्हतं लावलं. खातं तिनेच उघडून दिलं होतं, लॅबचे रिपोर्ट घरबसल्या यावेत म्हणून. वर्गात हात वर करून उत्तर देणारी ही बाई घरात साफ विसरली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“आता त्यांच्या यंत्रात शिरून बघू का?”

“अजिबात नाही. दुसऱ्याचं कुलूप फोडलं तर तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय? आमिष लावा. आपल्या घरात खोटा डबा ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. डबा उचलतो तो चोर.”

वडिलांना समजावून पाहिलं, तर म्हणाले, “तू चोर पकडायला शिकतेस ना, म्हणून तुला सगळीकडे चोर दिसतात.” शेवटी करार झाला. महाराज तिच्याबद्दल खरं बोलले तर ती कॉलेज सोडणार. चुकले तर वडील त्याच पावली दवाखान्यात येणार.

आणि आता महाराजांचं बोट तिच्याकडे वळलं.

“बेटी, साता समुद्रापार तुझा थोरला भाऊ तळमळतो आहे. त्याचा डावा डोळा काचेचा. तू रुसून त्याच्या पत्राला उत्तर देत नाहीस.”

सभागृह हळहळलं. वडील मात्र तिच्याकडे वळून बघत राहिले. मग गुडघ्यावर हात टेकत उठले.

“महाराज, हिला भाऊ नाही. ही माझी एकुलती एक.”

महाराजांनी क्षणभर ग्रंथात पाहिलं आणि गोड हसले. “काही पुत्र बापालाही ठाऊक नसतात, बाबा.”

दोनशे नजरा त्या म्हाताऱ्या माणसावर खिळल्या. त्यांची मान खाली गेली, आणि लेकीच्या अंगाचा तिळपापड झाला.

“माझा भाऊ मंगळवारी जन्मला,” ती उठून म्हणाली. “कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, सव्वाचारला. मी नवीन ईमेल उघडला, त्यात स्वतःलाच त्याचं पत्र लिहिलं. काचेचा डोळाही मीच बसवला. ते पत्र त्या ईमेलशिवाय जगात कुठेही नाही. आज मी तो पासवर्ड तुमच्या वायफायच्या पानावर टाकला. नंतर वीस मिनिटांनी कुणीतरी दुसऱ्या यंत्रावरून माझ्या खात्यात शिरलं, त्याची ही नोंद. बाबा, तुमच्याही खात्यात गेल्या आठवड्यात अशीच नोंद आहे. बॉनेट उघडलं होतं, तुम्हाला दिसलं नाही एवढंच. हे दोन तासांचं मौन आपल्यासाठी नाही. आतल्या लोकांना पत्रं वाचायला वेळ हवा, म्हणून आहे.”

सोमवारच्या तपासणीवाली बाई तरातरा पुढे गेली आणि तिने ग्रंथ उलटा केला. पानं कोरून आत टॅबलेट बसवला होता. त्यावर पुढच्या भक्ताचा ईमेल उघडाच होता. महाराज मौनात गेले.

पोलिसांना फोन करायला काहीजण वर धावले. काहींनी तरीही महाराजांपुढे हात जोडले. अशांना कोण काय करणार? उरलेले पडदेवालीभोवती फोन घेऊन गोळा झाले. एकजण तर चक्क तिच्या पाया पडायला वाकला. “ताई, खऱ्या तुम्हीच. हा माझा पासवर्ड, तुम्हीच बदलून द्या.”

“मला सांगू नका,” ती वैतागून म्हणाली. “आत्ताच एकाला सांगून बसलात ना? मी कोण लागून गेले? वर रेंजमध्ये जा आणि आपला आपण बदला. आणि कुणी तुमच्या पोटातलं ओळखलं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, की याला हे कळलं कुठून. न विचारता औषध सोडू नका. माझ्या सांगण्यावरूनसुद्धा नाही.”

वडिलांनी वर येऊन फोन काढला. टाइप करताना ती वाकून बघायला गेली, तर त्यांनी पडद्यावर तळहात धरला.

“तूसुद्धा बघायचं नाहीस,” ते म्हणाले. “चल आता दवाखान्यात. फार तहान लागली आहे गं.”